टोपीकरांची टोपी, आपला फेटा आणि शंभर रुपयांची शिलाई

आजची पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय साधा वाटेल: स्काऊटचा ड्रेस. पण या एका ड्रेसमागे सव्वाशे वर्षांचं राजकारण आहे आणि त्याचं शेवटचं प्रकरण गेल्या काही वर्षांत आपल्याच राज्यात घडलंय. ते नीट कळायचं तर सुरुवातीपासून बघावं लागेल.

आपल्या मानखुर्दला गणवेशाची नवलाई नाही. एका बाजूला अणुशक्तीनगर आणि बीएआरसीचा बंदोबस्त, दुसरीकडे नेव्हीची वसाहत. सकाळी देवनार डम्पिंगकडे जाणारे पालिकेचे कामगार, संध्याकाळी हार्बर लाइनने ड्युटीवर निघालेले सिक्युरिटी गार्ड. आपली किती पोरं बारावीनंतर गार्डचा निळा शर्ट चढवतात, आणि त्या शर्टाचे पैसे कित्येक एजन्सी पहिल्या पगारातून कापून घेतात, हे मी सांगायला नको. म्हणजे अंगावरचा गणवेश कधी मान देतो आणि कधी फक्त हुकूम पाळायला लावतो, हा फरक आपल्याला अनुभवाने कळतो. स्काऊटच्या ड्रेसचा इतिहास या एकाच फरकाचा आहे.

साहेबाने नेलं काय काय?

रॉबर्ट बेडन-पॉवेल हा स्काऊट चळवळीचा संस्थापक. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउन्सी बेटावर त्याने वीसेक मुलांचा तंबू ठोकून कॅम्प घेतला. श्रीमंतांच्या शाळेतली मुलं आणि कामगारांची मुलं त्यात एकत्र होती. १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक आलं आणि चळवळ जगभर पसरली. हे पाठ्यपुस्तकातही असतं. पुस्तकात सहसा नसतं ते पुढचं.

हा माणूस १८७६ साली, एकोणीस वर्षांचा कोवळा अधिकारी म्हणून भारतात आला, लखनौच्या छावणीत. वीस वर्षांनी परत आला तेव्हा मेरठमध्ये घोडदळाच्या एका रेजिमेंटचा प्रमुख होता. तिथे त्याने आपल्या सैनिकांना टेहळणीचं वेगळं शिक्षण सुरू केलं: माग काढणं, पाऊलखुणा वाचणं, लहान गटात फिरणं, डोकं वापरणं. त्यात तरबेज होणाऱ्याला बाणाच्या टोकासारखा बिल्ला मिळायचा. त्यावरच त्याने सैनिकांसाठी पुस्तक लिहिलं, ते १८९९ मध्ये छापलं गेलं. त्याचं नंतरचं मुलांचं स्काऊटिंग याच रोपट्यातून वाढलं. म्हणजे एक मूळ मेरठच्या मातीत आहे.

आता रंग घ्या. खाकी हा शब्दच आपल्याकडचा, ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. १८४६ साली हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि लाल डगल्याऐवजी मातकट रंगाचे कपडे दिले. तिथून खाकी सगळ्या ब्रिटिश फौजेत गेली. मुलींच्या चळवळीला ‘गाईड’ हे नाव बेडन-पॉवेलने याच पलटणीवरून दिलं.

छोट्यांच्या कब पथकात पुढाऱ्याला आजही ‘अकेला’ म्हणतात. हे नाव किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधलं. किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, आणि त्याच्या लांडग्यांचं रान नागपूरच्या वर, सिवनीच्या बाजूला. स्काऊटांचा स्मरणशक्तीचा ‘किमचा खेळ’ त्याच्याच ‘किम’ कादंबरीतला.

एक गोष्ट मात्र आपली नव्हती, ती म्हणजे टोपी. रुंद, सपाट काठाची, वर चार खळ्या पाडलेली. ती आली आफ्रिकेतून. १८९६ च्या माटाबेलेलँडच्या मोहिमेत बेडन-पॉवेलची गाठ फ्रेडरिक बर्नहॅम या अमेरिकन टेहळ्याशी पडली. ती काठाची टोपी आणि गळ्यातला रुमाल ही अमेरिकन रानातल्या माणसाची चाल. बेडन-पॉवेलने ती उचलली, पुढे त्याच्या दक्षिण आफ्रिकेतल्या पोलीस दलाने तशीच टोपी घातली, आणि मग जगभरच्या स्काऊटांनी.

या प्रत्येक वस्तूला काम होतं, हे लक्षात घ्या. टोपीचा काठ ऊन-पावसासाठी, तीच टोपी चुलीला वारा घालायला. गळ्यातला स्कार्फ तिकोनी, कारण तो सोडला की हाताची झोळी किंवा जखमेची पट्टी होते. दोन काठ्या दोन शर्टांच्या बाह्यांतून घातल्या की स्ट्रेचर तयार. आणि सगळ्यांना एकसारखा ड्रेस का, तर बेडन-पॉवेलचं म्हणणं होतं की गरीब-श्रीमंत हा भेद त्याने झाकला जातो आणि पोरं बरोबरीने उभी राहतात.

विचार उत्तम. पण भारतात आल्यावर काय झालं?

इथल्या मुलांना मज्जाव

१९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी भारतातलं पहिलं स्काऊट पथक काढलं. १९११ मध्ये जबलपूरला गाईडचं पहिलं पथक निघालं. दोन्हीकडे प्रवेश फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींना. भारतीय मुलांना दार बंद.

कारण उघड होतं. बंगालच्या फाळणीनंतरचा काळ, क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळ्या, बॉम्बचे खटले. अशा वेळी भारतीय पोरांना माग काढणं, नकाशा वाचणं, खुणांनी निरोप देणं शिकवायचं? सरकारला धडकी भरली. म्हणजे बघा, खाकी इथली, गाईड हे नाव इथलं, विद्येचं एक मूळ इथलं, आणि इथल्याच मुलाने तो शर्ट घालायचा नाही.

मग लोकांनी काय केलं? अर्ज-विनंत्या करत बसले नाहीत, स्वतःची पथकं काढली. १९१३ च्या सुमारास शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी मुलं जमवली. आपल्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या बाजूला, भारतीय मुलांसाठी स्काऊटिंग रुजवण्यात विवियन बोस यांचा मोठा वाटा. हे पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि मग सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये मद्रासला अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी ‘इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन’ काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी ‘सेवा समिती’ची स्काऊट संघटना उभी केली. कुंभमेळ्यात हरवलेली माणसं शोधणं, पाणी वाटणं, आजाऱ्यांना उचलून नेणं ही त्यांची परीक्षा. मराठीतही याच काळात शब्द रुळले, स्काऊट म्हणजे बालवीर आणि गाईड म्हणजे वीरबाला. जुन्या शाळांच्या फोटोंखाली हे शब्द अजून दिसतात.

आता येतो डोक्याचा प्रश्न. बेझंटबाईंच्या पथकाने काठाची हॅट टाकली आणि मुलांच्या डोक्याला फेटा बांधला. गाणीही इथली घेतली.

यात काय एवढं, असं वाटेल. पण मराठी माणसाला हे पटकन समजायला हवं. पेशवाईपासून आपण युरोपियनांना कोणत्या नावाने ओळखायचो? ‘टोपीकर’. डोक्यावर काय आहे यावरून माणूस ओळखायचा हा देश. पगडीवरून पेठ, फेट्यावरून गाव, मुंडाशावरून काम कळायचं. जातही त्यावरूनच ओळखायचे आणि कुणी काय डोक्याला बांधायचं याचे जाच होते, हेही विसरता येत नाही. अशा ठिकाणी पंधरा पोरं एकाच रंगाचा, एकाच बांधणीचा फेटा बांधून ओळीत उभी राहिली, तर त्यातून दोन गोष्टी एकदम होतात. साहेबाला कळतं की शिस्त घेतली, टोपी घेतली नाही. आणि ओळीतल्या शेजाऱ्याला कळतं की आज तुझा-माझा फेटा एकच.

हे फक्त स्काऊटांपुरतं नव्हतं. त्या वीस-तीस वर्षांत ज्याला ज्याला समाजात उभं राहायचं होतं, त्याने गणवेश शिवला. १९२३ मध्ये डॉ. ना. सु. हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा दल, १९२५ मध्ये नागपूरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, त्याच दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने समता सैनिक दल, १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल. विचार एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण कवायत, शिटी आणि ड्रेस सगळ्यांकडे. ज्या माणसाला रस्त्याच्या मधून चालायची मुभा नव्हती, तो इस्त्रीचे कपडे घालून ओळीने त्याच रस्त्यावरून गेला, तर त्याचा अर्थ काय होतो हे आपल्या वस्त्यांमधल्या जुन्या माणसांना विचारा.

एकी, फूट आणि पुन्हा एकी

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आला. दार उघडण्यावाचून इलाज नव्हता, कारण दाराबाहेरची पथकं वाढत चालली होती. बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत सामील झाली, भारतीय मुलांना रीतसर प्रवेश मिळाला. सेवा समिती मात्र वेगळी राहिली. वचनात राजाशी निष्ठा म्हणायची की देशाशी, हा वादाचा मुद्दा होता, आणि तो ड्रेसपेक्षा मोठा होता. पुढे जागतिक जांबोरीत भारतीय स्काऊट गेले ते फेटा बांधून. म्हणजे ज्या फेट्यामुळे वेगळी चूल मांडावी लागली, तोच पुढे अधिकृत झाला.

१९३७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी झाली. म्हातारा बेडन-पॉवेल पुन्हा आला. परत गेल्यावर त्याने भारतीयांच्या सचोटीबद्दल आणि शब्द पाळण्याबद्दल हिणकस उद्गार काढले. इथे संताप उसळला आणि १९३८ मध्ये ‘हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन’ वेगळी उभी राहिली. ज्याच्या नावाने वचन घ्यायचं तोच असं बोलला म्हटल्यावर पोरांनी ड्रेस ठेवला आणि माणूस सोडला.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्यांना एकत्र आणायचं काम मौलाना आझाद, कुंझरू, बाजपेयी, न्यायमूर्ती बोस, मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पकवासा अशा मंडळींनी केलं. ७ नोव्हेंबर १९५० ला ‘भारत स्काऊट्स’ ही एकच संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही त्यात आल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला गाईड मुलींचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र १९६६ मध्ये सुरू झालं, आणि दादरच्या शिवाजी पार्कवरचा स्काऊट हॉल तर सगळ्यांनीच पाहिलेला आहे.

हळूहळू खाकी गेली. आज स्काऊटचा शर्ट करडा, स्टील ग्रे, पँट गडद निळी, डोक्याला गडद निळी बेरे. शीख मुलांना फेटा बांधायची मुभा. गाईडचा पोशाख आकाशी. वर स्कार्फ, वॉगल, शिटी, पट्टा. रेल्वेच्या स्काऊटांची तर वेगळी राज्यसंघटना आहे, उन्हाळ्यात मोठ्या स्टेशनांवर गाडीच्या खिडकीशी पाणी देणारी मुलं ती हीच.

काठाची टोपी खुद्द इंग्लंडनेच सोडली. १९६६ च्या सुधारणा अहवालानंतर तिथे हॅट आणि हाफ चड्डी जाऊन बेरे आणि फुल पँट आली. काही जुन्यांना ते रुचलं नाही, त्यांनी १९७० मध्ये जुन्या रीतीची वेगळी संघटना काढली. अमेरिकेत तर असा नियम आहे की जो ड्रेस एकदा अधिकृत झाला तो कायम अधिकृत, म्हणजे नातवाने आजोबांचा शर्ट घातला तरी चालतं. तिकडे जुने ड्रेस, टोप्या, बिल्ले जपून ठेवणारे आणि मेळाव्याला घालून येणारे हौशी लोक खूप आहेत.

आपल्याकडे असे जुने ड्रेस का सापडत नाहीत? कारण ते टाकले गेले नाहीत, वापरले गेले. मोठ्याचा खाकी शर्ट धाकट्याला, त्याला आखूड झाला की त्याची पिशवी, मग गोधडीत ठिगळ, शेवटी स्टोव्ह पुसायचं फडकं. पितळी बक्कल भंगारात किलोवर. आपला मंडाळ्याचा भंगार बाजार म्हणजे मुंबईच्या अशा कितीतरी वस्तूंचा शेवटचा मुक्काम. त्यामुळे आपल्याकडे राहतात ते फोटो, एखादी शिटी, एखादा बिल्ला, आणि म्हाताऱ्यांच्या बोटांत अजून शाबूत असलेली गाठ मारायची कला.

आता शंभर रुपयांची गोष्ट

इथपर्यंतचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर: ज्यांना हा ड्रेस नाकारला होता, त्यांनी तो स्वतःच्या अटींवर मिळवला. आता आपल्या काळात या.

राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना आणली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. २०२४-२५ मध्ये ठरलं असं की दोन गणवेशांपैकी एक नेहमीचा आणि दुसरा स्काऊट-गाईडचा, जो ठरावीक वारी घालायचा. नेहमीचा गणवेश महिला बचत गटांकडून शिवून येणार. स्काऊटच्या ड्रेसचं कापड शाळेला मिळणार आणि शाळा व्यवस्थापन समितीने तो शिवून घ्यायचा. शिलाई १०० रुपये, वरखर्चाला १० रुपये. एकूण ११०.

गोवंडी-शिवाजीनगरच्या कुठल्याही कारखान्यात जाऊन विचारा. खांद्याला पट्ट्या, छातीला झाकणाचे दोन खिसे, कॉलर, काजं-बटणं, आणि वर पँट किंवा स्कर्ट. शंभर रुपयांत मशीनवर बसणारा माणूस भेटेल का? शिंपी तयार होईनात, हेडमास्तर गावोगाव फिरले. कित्येक शाळांत १५ ऑगस्ट उलटला तरी मुलांच्या अंगावर नवा कपडा नव्हता. आले ते कुठे ढगळ, कुठे आखूड. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

मुंबई महापालिका आपल्या शाळांना गणवेशासकट २७ वस्तू स्वतःच्या योजनेतून देते, त्यामुळे हा गोंधळ जिल्हा परिषदेच्या शाळांनी जास्त भोगला. पण मानखुर्दच्या कित्येक घरांची मुळं मराठवाड्यात, विदर्भात आहेत. भाच्या-पुतण्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले तेव्हा आपण ते पाहिलेच.

वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कापडाची, कंत्राटाची आणि उशिराची. बरोबरच होती. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: स्काऊटचा ड्रेस दिला, पण स्काऊट कुठे आहे?

या चळवळीची रीत अशी की आधी पोरगं पथकात येतं. संघात सहा-आठ जणांबरोबर काम शिकतं: गाठी, प्रथमोपचार, ध्वज, नियम. मग दीक्षाविधी होतो, सगळ्यांसमोर तीन बोटं वर करून वचन घेतो, आणि तेव्हा त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. पुढे प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. बाहीवरचा एकेक बिल्ला एकेका कामाचा. त्यासाठी शाळेत प्रशिक्षण घेतलेला एक स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन लागते, पथकाची नोंदणी लागते, मैदान लागतं आणि आठवड्यातला मोकळा वेळ लागतो. सरकारने लाखो मुलांना या साखळीतली शेवटची कडी दिली आणि आधीच्या सगळ्या कड्या सोडून दिल्या. मग उरतो तो रंगीत कपडा.

आणि हे कमी महत्त्वाचं नाही, विशेषतः आपल्या वॉर्डासाठी. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता. अरुंद गल्ल्या, आगीच्या घटना, पावसाळ्यात तुंबणारं पाणी, खाडीची भरती. ज्या पोराला रक्त कसं थांबवायचं, स्कार्फची पट्टी कशी बांधायची, गर्दीतून म्हातारीला कसं बाहेर काढायचं हे येतं, अशी दहा पोरं एखाद्या चाळीत असणं आणि नसणं यात फरक आहे. कुलाब्याच्या मुलापेक्षा मंडाळ्याच्या मुलाला ही विद्या जास्त लागते. १९१८ मध्ये सेवा समितीच्या पोरांना ड्रेसचं मोल होतं, कारण मेळ्यात लोक त्या ड्रेसकडे मदत मागायला धावायचे.

आता अधिकार शाळा व्यवस्थापन समितीकडे परत आलाय. या समितीत बहुसंख्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत स्काऊट-गाईडचं नोंदणी झालेलं पथक आहे का? प्रशिक्षण घेतलेले सर किंवा मॅडम कोण? आणि शेवटचा दीक्षाविधी कधी झाला? उत्तरं समाधानकारक असतील तर ड्रेससाठी शिंप्याला योग्य शिलाई द्यायला लावा. नसतील तर आधी पथक मागा. ड्रेसचं नंतर बघू. साधा शर्ट आणि गळ्यात एक स्कार्फ, एवढ्यावरही स्काऊट उभा राहतो.

एक विनंती. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, ट्रॉम्बे भागातल्या कुणाच्या घरी वडिलांचा, आजोबांचा, आत्याचा बालवीर किंवा वीरबालेच्या ड्रेसमधला जुना फोटो असेल, तर शाळेचं नाव आणि साल लिहून कमेंटमध्ये टाका. फेटा असो, हॅट असो, बेरे असो. पुरेसे फोटो जमले तर आपल्या भागातलं पहिलं पथक कुठल्या शाळेत आणि कोणत्या साली उभं राहिलं, याचा माग आपल्याला काढता येईल. माग काढणं हेच तर स्काऊटचं पहिलं काम.